इशारा आणि बचाव: शिकाऱ्याला प्राणी कसे परतवून लावतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या पानावर मुद्दाम आपल्याकडे दिसणारेच प्राणी घेतले आहेत: घरातले, शेतातले, गडावरचे, ताडोब्यातले आणि कोकण किनाऱ्यावरचे. त्यातले बरेच आपल्यालाही शत्रू समजतात. त्यामुळे जिथे गरज आहे तिथे 'मग आपण काय करायचं' हेही लिहिलं आहे.

विष किंवा काटे असताना प्राणी आधी इशारा का देतात? सरळ हल्ला का करत नाहीत?

कारण हल्ला महाग पडतो. विष तयार व्हायला वेळ लागतो. दंशात ते खर्च झालं की ग्रंथी पुन्हा भरायला दिवस जातात, आणि सापाला तेच विष पोट भरण्यासाठी हवं असतं. झटापटीत दात तुटतो, डोळा जातो, बरगडी मोडते. शिकाऱ्याचाही हिशोब तोच असतो. लंगडा बिबट्या उपाशी मरतो. म्हणून एकाने 'मी सोपा घास नाही' असं सांगावं आणि दुसऱ्याने ते ऐकावं, यात दोघांचाही फायदा असतो.

खालची सगळी उत्तरं वाचताना एक लक्षात ठेवा. प्रत्येक बचाव कुणातरी ठरावीक शत्रूसाठी घडलेला असतो. शत्रू बदलला की तोच बचाव फुकट जातो, कधी अंगाशीही येतो.

सापाचा आवाज आला तर तो कोणता आहे हे ओळखता येतं का?

बऱ्यापैकी येतं. घोणस कुकरच्या शिट्टीसारखी लांब आणि मोठ्याने फुत्कारते, मध्ये श्वास घेते, पुन्हा सुरू करते. पालापाचोळ्यातून असा आवाज आला तर पाय जिथे आहे तिथेच थांबवा, नजरेने साप शोधा आणि मगच मागे सरका.

फुरसे सहसा तोंडाने आवाज करतच नाही. त्याच्या कुशीवरचे खवले तिरके आणि करवतीच्या दात्यांसारखे असतात. ते अंगाची वेटोळी एकमेकांवर घासतं आणि तव्यावर पाणी शिंपडल्यासारखा चरचर आवाज येतो. कोरड्या मुलखातला हा साप फुत्कारण्यात श्वासातली ओल वाया घालवत नाही, असं त्याचं एक स्पष्टीकरण दिलं जातं. रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या कातळावर, सड्यावर दगड उचलण्याआधी काठीने उलटा. फुरसे जेमतेम फूट-दीड फुटाचं असतं, त्यामुळे आवाज आधी येतो आणि साप नंतर दिसतो.

नाग मानेजवळच्या लांब बरगड्या फाकवून फणा काढतो आणि फुत्कारतो. फणा उभा आहे तोवर तो बोलतो आहे असं समजा. पुष्कळदा तो तोंड मिटूनच झेप घेतो, म्हणजे नुसती धमकी देतो. ही धमकी आहे की दंश, हे तपासायला मात्र थांबू नये. साधारण दोन मीटरचं अंतर ठेवून मागे सरकलात की बहुतेक वेळा तो फणा मिटून निघून जातो.

मग मण्यार इशारा का देत नाही?

देतो, पण आपल्याला कळेल असा नाही. दिवसा डिवचला तर तो वेटोळ्यात डोकं खुपसून बसतो आणि अंगाला झटके देतो. रात्री तो शिकारीला बाहेर पडतो, तेव्हा माणूस जमिनीवर झोपलेला असतो. झोपेत कूस बदलताना हात त्याच्यावर पडतो आणि दंश होतो. इशारा द्यायला समोरचा जागा तरी हवा!

दंशाच्या जागी दुखत नाही, सूजही फारशी येत नाही, म्हणून लोक 'मुंगी चावली असेल' म्हणून पुन्हा झोपतात. पहाटे पोटात दुखणं, उलटी, पापण्या जड होऊन मिटणं, गिळायला त्रास अशी लक्षणं दिसली तर वेळ न दवडता १०८ ला फोन करा. जखम कापू नका, चोखू नका, करकचून बांधू नका. चावलेला अवयव न हलवता प्रतिसर्पविष असलेल्या रुग्णालयात पोचवा. भारतात मिळणारं बहुगुणी प्रतिसर्पविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर चालतं, म्हणून साप मारून सोबत नेण्याची गरज नसते. उपाय एकच: पावसाळ्यात खाटेवर झोपा किंवा मच्छरदाणी गादीखाली नीट खोचा.

बिनविषारी सापही फणा काढल्यासारखे का करतात?

नक्कल स्वस्तात पडते म्हणून. धामण मान चपटी करून घशातून गुरगुरते. पाणदिवड मान पसरून सपासप झेपा घेतो. मांजऱ्या शेपटीचं टोक वाळक्या पानांत थरथरवतो. मांडुळाची शेपटी डोक्याइतकीच बोथट असते. ते खरं डोकं वेटोळ्याखाली दडवून शेपटी पुढे करतं, म्हणजे पहिला घाव शेपटीवर बसावा. या युक्तीमुळेच त्याला 'दुतोंड्या' म्हणतात, आणि त्याच नावाच्या अंधश्रद्धेपायी त्याची तस्करी होते.

सारखेपणाचा घोळ उलट दिशेनेही होतो, आणि तो जास्त धोक्याचा आहे. घोणशीला अजगराचं पिल्लू समजून उचलणारे लोक दरवर्षी दंश करून घेतात. दुरक्या घोणस हा बिनविषारी साप घोणशीसारखा दिसतो. कवड्या मण्यारासारखा दिसतो. कवड्याचे पट्टे मानेजवळ ठळक असतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात. मण्याराचे पांढरे पट्टे बारीक, बरेचदा जोडीने असतात. ते डोक्यापासून काही अंतर सोडून सुरू होतात आणि शेपटीकडे ठळक होत जातात. ही माहिती फोटो पाहून ओळखण्यासाठी आहे, हातात घेऊन पाहण्यासाठी नाही.

लाल, पिवळा, काळा असे भडक रंग म्हणजे विषारी, हा नियम खरा आहे का?

कीटकांच्या बाबतीत बराचसा खरा आहे. सापांच्या बाबतीत आपल्याकडे अगदीच फसवा. घोणस आणि फुरसे मातीच्या रंगाचे आहेत, कारण त्यांना दबा धरून भक्ष्य पकडायचं असतं आणि लपणं हाच त्यांचा पहिला बचाव आहे.

कीटकांत मात्र पाटी उघड लावलेली असते. बाजरीच्या कणसावर येणारे लाल-काळे पट्ट्यांचे हिंगे भुंगेरे घ्या. दाबले गेले की पायांच्या सांध्यांतून ते पिवळसर थेंब सोडतात. त्यात कँथरिडिन असतं आणि त्याने कातडीवर फोड येतात. अंगावर बसला तर चिरडू नका, फुंकून उडवा आणि जागा साबणाने धुवा. पावसाळ्यात दिव्याभोवती येणारा नारिंगी-काळा बारीक किडाही असाच आहे. तो चावत नाही. आपण त्याला मानेवर रगडतो आणि सकाळी चट्टा उठतो. त्याच हाताने डोळा चोळला तर त्रास दुप्पट होतो.

फुलपाखरांत प्लेन टायगरचं उदाहरण शेताच्या बांधावर दिसतं. त्याची अळी रुईची पानं खाते. रुईच्या चिकातली हृदयावर परिणाम करणारी द्रव्यं अंगात साठवते, आणि ती फुलपाखरातही उतरतात. पक्ष्याने एकदा खाल्लं की तो ओकतो आणि नारिंगी पंख लक्षात ठेवतो. म्हणून प्लेन टायगर संथ उडतो, त्याला घाई नसते.

विष नसलेली फुलपाखरं विषारी फुलपाखरांसारखी कशी दिसतात?

हेन्री बेट्स या इंग्रज निसर्गअभ्यासकाने ॲमेझॉनच्या जंगलातली फुलपाखरं पाहून १८६२ साली हे पहिल्यांदा मांडलं. विषारी जातीसारख्या दिसणाऱ्या चवदार फुलपाखराला पक्षी टाळतो, त्यामुळे ते जगतं आणि त्याची पिल्लावळ वाढते. आपल्याकडे डॅनेड एगफ्लायची मादी हुबेहूब प्लेन टायगरसारखी असते. नर मात्र काळा, पांढऱ्या ठिपक्यांचा.

कॉमन मॉर्मनची गोष्ट याहून रंगतदार आहे. त्याच्या माद्या एकाच जातीत तीन रूपांत सापडतात. एक नरासारखी, दुसरी कॉमन रोझसारखी, तिसरी क्रिमझन रोझसारखी. कॉमन रोझ आणि क्रिमझन रोझ ही फुलपाखरं विषारी आहेत. एकाच जातीत इतके वेगळे साचे कसे, याचं उत्तर जीवशास्त्रज्ञ कृष्णमेघ कुंटे आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली दिलं: 'डबलसेक्स' नावाचा एकच जनुक हे रूप ठरवतो. हा जनुक एरवी कीटकांत नर-मादीचा फरक घडवण्याचं काम करतो.

नकलेला मर्यादा आहे. नकली फार झाले आणि अस्सल कमी राहिले तर पक्ष्यांना चवदार घास जास्त मिळतात आणि पाटीवरचा विश्वास उडतो.

कढीपत्त्यावरच्या हिरव्या अळीला हात लावला की डोक्यातून लाल शिंगं निघतात. ती चावते का?

नाही. ती बहुतेक कॉमन मॉर्मनची किंवा लाइम बटरफ्लायची अळी असते आणि ती शिंगं म्हणजे दुबेळक्याच्या आकाराची मऊ ग्रंथी आहे. एरवी डोक्यामागे आत ओढलेली असते. डिवचलं की रक्ताच्या दाबाने बाहेर येते आणि नासलेल्या लोण्यासारखा आंबूस वास सुटतो. मुंग्या, कोळी आणि बारीक कीटकांवर तो चालतो, पक्ष्यावर तितका नाही.

पक्ष्यांसाठी अळीकडे वेगळी सोय आहे. लहानपणी ती तपकिरी-पांढरी असते आणि पानावर पडलेल्या शिटेसारखी दिसते. शिट कोण खाणार? मोठी झाल्यावर शिटेचा आकार तिला पुरत नाही, मग शेवटच्या कातेनंतर ती हिरवी होते आणि पानात मिसळते. कुंडीतलं झाड लहान असेल तर अळ्या दुसऱ्या मोठ्या कढीपत्त्यावर किंवा लिंबावर सोडा. औषध मारलेली पानं फोडणीत जातात, हे विसरू नका.

साळिंदर काटे फेकून मारतं का?

नाही. काटे म्हणजे जाड झालेले केस. ते कातडीत सैल बसलेले असतात आणि अंग झटकताना एखादा गळतो, त्यावरून ही समजूत झाली. साळिंदराची रीत ठरलेली आहे. आधी काटे उभारून दुप्पट मोठं दिसणं, मग पाय आपटणं, मग शेपटीवरचे पोकळ काटे खुळखुळवणं. एवढ्यावर भागलं नाही तर ते पाठ फिरवतं आणि उलटं धावत येऊन काटे घुसवतं. मानेवरचे लांब काटे भपक्याचे. घाव करतात ते कमरेजवळचे आखूड, जाड.

वाघ-बिबट्यांना हे महागात पडतं. जिम कॉर्बेटने मारलेल्या मुक्तेश्वरच्या नरभक्षक वाघिणीने साळिंदराशी झालेल्या झटापटीत एक डोळा गमावला होता आणि तिच्या पुढच्या पायात सुमारे पन्नास काटे रुतले होते. अनुभवी बिबट्या समोरून, डोक्यावर हल्ला करतो, कारण तिथे काटे नसतात.

शेतावरच्या कुत्र्याला काटे रुतले तर कापू नका. कापलेलं टोक आत राहतं आणि पिकतं. तोंडात, डोळ्याजवळ किंवा छातीत रुतले असतील तर पशुवैद्याकडे न्या, भूल देऊनच ते काढावे लागतात.

खवल्या मांजर इतकं मजबूत चिलखत असूनही संपत का चाललंय?

कारण चिलखत बिबट्यासाठी आहे, पोत्यासाठी नाही. धोका दिसला की खवल्या पोट आत घेऊन गोळा होतो आणि शेपटी वरून आवळतो. पिल्लू असेल तर ते मधोमध. खवले आपल्या नखांसारख्याच केराटिनचे, धारदार कडांचे. या गोळ्यावर बिबट्याचे दात सरकतात. पण माणसाला चावायचंच नसतं. न पळणारा, न चावणारा गोळा उचलून पोत्यात टाकला की झालं. खवल्यांना औषधी गुण असल्याच्या समजुतीपायी हा व्यापार चालतो. नखं कुरतडून औषध होत असतं तर दवाखाने कधीच बंद पडले असते.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात खवल्या मांजर पहिल्या अनुसूचीत आहे. गावात दिसलं तर गर्दी हटवा, कुत्री बांधा आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. गोळा उलगडायचा प्रयत्न करू नका. शांतता झाली की ते स्वतःच चालू लागतं.

पालीची शेपटी तुटल्यावर का वळवळते? पुन्हा तशीच येते का?

शेपटीच्या मणक्यांत मुळातच कमजोर रेषा असतात. पाल स्नायू आवळते आणि त्या रेषेवर शेपटी तुटते. रक्तवाहिन्याही लगेच आवळल्या जातात, म्हणून रक्त फार येत नाही. तुटका तुकडा काही मिनिटं उसळत राहतो, मांजर त्याच्या मागे आणि पाल ट्यूबलाइटच्या पट्टीमागे.

नवी शेपटी येते, पण आत मणक्यांऐवजी कूर्चेची नळी असते. रंग आणि खवलेही जरा वेगळे. शेपटीत चरबी साठवलेली असते, तीही जाते. घोरपड मात्र शेपटी टाकत नाही, ती चाबकासारखी मारते.

ताडोब्यात गाइड सांबराच्या 'कॉल'वर इतका विश्वास का ठेवतात?

कारण सांबर उगाच ओरडत नाही. त्याचा 'पोंऽक' असा घुमणारा आवाज बहुधा वाघ, बिबट्या किंवा रानकुत्री दिसल्यावर किंवा त्यांचा वास आल्यावर येतो. तो पाय आपटतो, शेपटी उभारतो आणि धोक्याच्या दिशेने तोंड करून उभा राहतो. चितळ लवकर बिचकतं, त्याची शिट्टीवजा हाक एखादीच आली तर गाइड गाडी वळवत नाहीत. झाडावरचं वानर सरळ खाली बघत 'खॅक-खॅक' करत असेल आणि जोडीला सांबर असेल, तर थांबण्यात अर्थ आहे. चितळं वानरांच्या झाडाखाली चरतात. वरून पाडलेला पाला मिळतो आणि वानराची लांबची नजर. चितळाचं नाक वानरांना उपयोगी पडतं.

हाक फक्त सोबत्यांसाठी नसते. वाघ-बिबट्याची शिकार दबा धरण्यावर चालते. 'दिसलास' हे त्याला कळलं की तो उठून निघून जातो. आयव्हरी कोस्टमधल्या ताई जंगलात बिबट्यांना रेडिओ पट्टे लावून हे पाहिलं गेलं: माकडं ओरडली की बिबटे दबा सोडून देत.

काही हाकांत शत्रू कोण हेही असतं. केनियातल्या अंबोसेलीत वर्व्हेट माकडांची बिबट्या, गरुड आणि साप यांसाठी तीन वेगळ्या हाका आहेत, हे १९८० साली दाखवलं गेलं. बिबट्याच्या हाकेवर ती झाडावर चढतात, गरुडाच्या हाकेवर वर बघतात किंवा झुडपात शिरतात, सापाच्या हाकेवर मागच्या पायांवर उभं राहून गवतात बघतात.

हरणं पळायच्या आधी जागच्या जागी उंच उड्या का मारतात?

लांडग्याला किंवा रानकुत्र्याला आपली तब्येत दाखवण्यासाठी. टांझानियात थॉमसन गॅझेलवर केलेल्या निरीक्षणात रानकुत्रे कमी उड्या मारणाऱ्यांची निवड करताना दिसले. आपल्याकडे माळरानावर काळवीट आणि चिंकारा अशाच उसळ्या घेतात.

टिटवी डोक्यावर का झेपावते?

आसपास अंडी आहेत म्हणून. तिचं घरटं म्हणजे जमिनीवरचा खळगा आणि काही खडे. अंडी मातीच्या रंगाची, काळ्या डागांची. ओरडा वाढत असेल तर तुम्ही जवळ जात आहात. आल्या वाटेने मागे फिरा, पायाखाली बघत. नदीकाठचा चिखल्या वेगळं नाटक करतो. पंख मोडल्यासारखा फरपटत कुत्र्याला घरट्यापासून दूर नेतो आणि पुरेसं लांब गेल्यावर भुर्रकन उडतो. कोतवाल तर घारीच्या पाठीवर बसून टोचतो. त्याच्या झाडावर इतर लहान पक्षी घरटी करतात, ते या पहाऱ्यासाठीच.

गडावर आग्यामोहोळ उठलं तर काय करायचं?

आधी ते उठतं कसं हे समजून घ्या. आग्या माश्यांचं पोळं उघड्यावर, कड्याला किंवा उंच फांदीला टांगलेलं असतं, त्यावर माश्यांचाच पडदा. गांधीलमाशी जवळ आली की माश्या ओळीने पोटाची टोकं वर करतात आणि स्टेडियममधल्या लाटेसारखी लहर पोळ्यावरून सेकंदाच्या आत धावते. नेपाळमध्ये केलेल्या निरीक्षणात या लहरींनी गांधीलमाश्या माघारी फिरताना दिसल्या. लहरी दिसल्या म्हणजे पोळं सावध आहे. तिथे थांबून व्हिडिओ काढू नका.

माणूस, अस्वल, धूर, दगड यांच्यासाठी मात्र डंख. नांगी काटेरी असते, ती कातडीत अडकून विषाच्या पिशवीसकट तुटते. तिच्यातून पिकल्या केळ्यासारखा वास सुटतो. तो वास इतर माश्यांना 'इथे मारा' असं सांगतो, म्हणून एका डंखाचे शंभर होतात. उग्र अत्तर, शेकोटी, फटाके, गोफण यांपैकी काहीही पुरतं.

माश्या उठल्या तर:

- डोकं आणि तोंड कपड्याने झाका आणि पळा. काही शे मीटर पळावं लागतं. कड्याच्या बाजूला पळू नका.
- हात हलवून माश्या मारू नका. चिरडलेल्या माशीचा वास आणखी माश्या बोलावतो.
- पाण्यात उडी मारू नका. माश्या वर घोंघावत राहतात आणि श्वास घ्यायला डोकं काढावंच लागतं. बंद गाडी किंवा खोली चांगली.
- सुरक्षित जागी पोचताच नांग्या काढा. नखाने खरवडा किंवा चिमटीने ओढा, वेळ महत्त्वाची, कारण पिशवी विष सोडतच असते.
- धाप, ओठ-जीभ सुजणं, अंगभर गांधी, चक्कर यांपैकी काही दिसलं तर एका डंखावरही तातडीने रुग्णालय गाठा. पन्नासहून जास्त डंख असतील (मुलाला याहून कमी), तर बरं वाटत असलं तरी तपासून घ्या. मूत्रपिंडांवर परिणाम नंतर दिसतो.

कुत्र्याने भेक तोंडात धरला आणि फेस येतोय. काय करू?

भेकाच्या डोळ्यांमागे फुगीर ग्रंथी असतात. दाबल्या की त्यांतून पांढरा, चिकट, कडू विषारी स्राव निघतो. भेक तो थुंकत नाही, चावणाऱ्यालाच तो मिळतो. कुत्र्याचं तोंड खाली करून बाजूने पाण्याची धार सोडा, पाच-दहा मिनिटं. पाणी घशात जाऊ देऊ नका. हिरड्या ओल्या फडक्याने पुसा. झोकांड्या, झटके किंवा धाप दिसली तर लगेच पशुवैद्य. धामणीला मात्र भेक चालतो, ती तो सरळ गिळते.

जाळ्यात सापडलेला केंड मासा फुगतो. तो खाता येतो का?

खाऊ नका. फुगणं ही पहिली पायरी: तो पोटात पाणी, वर काढल्यावर हवा भरून गिळता न येण्याइतका गोल होतो. दुसरी पायरी टेट्रोडोटॉक्सिन हे विष, मुख्यतः यकृतात आणि अंडाशयात. शिजवून ते जात नाही आणि त्यावर उतारा नाही. हाताळताना बोटं तोंडापासून लांब ठेवा, त्याचे दात जाळी कुरतडतात.

पाकटाचा काटाही निव्वळ बचावाचा आहे. उथळ पाण्यात वाळूवरून पाय घासत चाला, म्हणजे पाकट आधीच सरकतं. काटा लागलाच तर जखम ४० ते ४५ अंश तापमानाच्या पाण्यात अर्धा ते दीड तास बुडवून ठेवा. पाणी आधी दुसऱ्या हाताने तपासा, दुखण्यात भाजल्याचं कळत नाही. छातीत, पोटात किंवा मानेत रुतलेला काटा ओढू नका.

माळ्यावरून रोज रात्री फुत्कार येतो, पण साप सापडत नाही. काय असेल?

बरेचदा गव्हाणी घुबडाची पिल्लं असतात. ती भूक लागली की घोरल्यासारखी सूं-सूं करतात आणि कुणी जवळ आलं की सापासारखी फुत्कारतात. बिळात हात घालणाऱ्याला फुत्कार ऐकू आला की तो हात मागे घेतोच. खाली पांढरी शिट आणि उंदरांच्या हाडांचे, केसांचे राखाडी गोळे पडलेले असतील तर घुबडच. साप रोज रात्री एकाच जागी तासन्‌तास फुत्कारत बसत नाही. पिल्लं उडेपर्यंत काही आठवडे माळा बंद करू नका. तेवढ्यात घरातले उंदीरही कमी होतात.